लीजची ८१ वर्षं उरलेला लंडनमधला फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून लंडनला येऊन स्थिरावलेल्या एका जोडप्याने हॅरोमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला आहे. किंमत ३,२५,००० पाउंड. लीजची, म्हणजे भाडेपट्ट्याची, ८१ वर्षं उरली आहेत, ग्राउंड रेंट (जमिनीच्या मालकाला द्यायचं भाडं) वर्षाला २५० पाउंड आणि सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) २,४०० पाउंड. पुढे कधीतरी पुण्याला परत जायचाही विचार आहे. एजंट म्हणतो, ८१ वर्षं तुम्हाला पुरून उरतील. पुण्याहून आई-बाबा विचारताहेत की एवढा पैसा घालूनही घर तुमच्या नावावर होणार नाही का? मग हा फ्लॅट आपला म्हणायचा की नाही, आणि घ्यायचा की नाही?

मी इंग्लंडमध्ये घरांच्या खरेदी-विक्रीची कायदेशीर कामं करते, आणि त्यातली बरीचशी फ्लॅटचीच असतात. उत्तर आधीच सांगून टाकते. फ्लॅट घ्यायला हरकत नाही, पण ८१ वर्षांचं लीज आहे तसं स्वीकारू नका. विक्रेत्याने व्यवहार पूर्ण होण्याआधी लीज वाढवण्याची नोटीस द्यावी, नाहीतर तेवढी किंमत कमी करावी. तो दोन्हीला नाही म्हणत असेल तर दुसरा फ्लॅट बघा. आता कारणं सांगते.

आई-बाबांना सांगा की घर तुमच्या नावावर नक्की होतं. लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी नोंदवहीत, तुमच्या लीजची स्वतंत्र नोंद होते, तिला स्वतःचा टायटल नंबर असतो आणि त्यावर तुमची नावं लागतात. फ्लॅट विकता येतो, गहाण ठेवता येतो, मृत्युपत्राने मुलांना देता येतो. नावावर होत नाही ती जमीन आणि इमारत. बाहेरच्या भिंती, छप्पर, जिना, पाया हे सगळं सहसा फ्रीहोल्डरचं, म्हणजे मूळ मालकाचं, असतं. तुम्ही विकत घेता तो त्या इमारतीतला एक भाग ठरावीक वर्षं, ठरावीक अटींवर वापरण्याचा हक्क. मुदत संपली आणि काहीच केलं नाही, तर तो हक्क शेवटी फ्रीहोल्डरकडे परत जातो. म्हणून दरवर्षी या मालमत्तेतला एक तुकडा झिजत असतो. सुरुवातीला ते जाणवत नाही, पण ८० च्या आसपास फार जाणवतं.

नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर घर असलेल्यांना ही कल्पना नवी नाही, तिथे ६० वर्षांचे भाडेपट्टे सर्रास आहेत. पण पुण्या-मुंबईचा फ्लॅटधारक मनात हाउसिंग सोसायटी धरून चालतो. शेअर सर्टिफिकेट आपल्या नावाचं, वार्षिक सभेत रंगकामाचा ठराव, कमिटी आवडली नाही तर पुढच्या निवडणुकीत बदलायची. इथे तसं गृहीत धरू नका. छपराचं काम कधी काढायचं, कुणाला द्यायचं, विमा कुठे उतरवायचा हे फ्रीहोल्डर किंवा त्याने नेमलेला मॅनेजिंग एजंट ठरवतो आणि बिल तुम्हाला येतं. फ्रीहोल्डर शेजारी राहणारी आजी असू शकते, तशीच शेकडो इमारतींचे फ्रीहोल्ड गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली कंपनीही असू शकते.

अशी उलटी पद्धत का, असं प्रत्येक मराठी अशील विचारतो. इथल्या जमीन कायद्यात एक जुनी अडचण आहे. फ्रीहोल्ड मालकाने ‘मी दुरुस्ती करत राहीन, खर्च देत राहीन’ असं वचन दिलं, तर ते त्याच्या नंतरच्या मालकाला आपोआप बांधत नाही. १९९४ मध्ये ऱ्होन विरुद्ध स्टीफन्स या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हा नियम कायम ठेवला, आणि तो खटला छपराच्या दुरुस्तीचाच होता. एकावर एक घरं असलेल्या इमारतीत असं चालणार कसं? वरच्याने छप्पर गळू दिलं तर खालचा बुडाला. लीजमधली वचनं मात्र पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला बांधतात, म्हणून फ्लॅट लीजवर विकण्याची वहिवाट पडली. (हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये फ्लॅट साधारणपणे पूर्ण मालकीनेच विकले जातात.)

आता ८० चा आकडा. १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला लीज वाढवून मागण्याचा हक्क आहे. उरलेल्या वर्षांत ९० वर्षांची भर पडते आणि ग्राउंड रेंट शून्य होतो. फ्रीहोल्डरला नाही म्हणता येत नाही, फक्त तुम्हाला त्याला मोबदला द्यावा लागतो. तो मोबदला काढताना नोटिशीच्या दिवशी ८० वर्षांहून जास्त मुदत उरली असेल तर दोनच गोष्टी धरतात. एक, फ्रीहोल्डरचं बुडणारं ग्राउंड रेंट. दोन, फ्लॅट त्याच्याकडे परत येण्याचा दिवस ९० वर्षं पुढे गेल्याने त्याचं होणारं नुकसान. मुदत ८० किंवा त्याखाली आली की तिसरी गोष्ट येते, तिला मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. लीज वाढवल्याने फ्लॅटची किंमत जितकी वाढते, त्यातून पहिल्या दोन बाबींची रक्कम वजा करून जे उरतं, त्यातला निम्मा हिस्सा फ्रीहोल्डरला द्यायचा.

तुमच्याच फ्लॅटवर मांडून दाखवते. लीज वाढवल्यावर फ्लॅट ३,४०,००० पाउंडांचा होईल असं धरू. ग्राउंड रेंट २५० वरच स्थिर आहे आणि त्याचं भांडवली मूल्य, म्हणजे पुढच्या सगळ्या भाड्याची आजची किंमत, ६ टक्के दराने काढलं, तर ८१ वर्षांचे सुमारे ४,१०० पाउंड होतात. परत येण्याच्या हक्काला फ्लॅटसाठी साधारण ५ टक्के दर लावतात, तो २००७ च्या स्पोर्टेली प्रकरणापासून रूढ आहे. त्याने सुमारे ६,५०० होतात. म्हणजे एकूण १०,६०० च्या आसपास. हीच नोटीस ७९ वर्षं उरली असताना दिली तर पहिल्या दोन बाबी मिळून ११,२०० होतात, म्हणजे फारसा फरक नाही. पण ७९ वर्षांचं लीज असलेल्या फ्लॅटची किंमत वाढीव लीजच्या ९३ टक्के धरली, तर मॅरेज व्हॅल्यूचा निम्मा हिस्सा आणखी ६,३०० पाउंड येतो. बेरीज १७,५००. दोन वर्षं थांबण्याची किंमत जवळजवळ सात हजार पाउंड. हा ९३ चा आकडा मी हिशेबासाठी घेतला आहे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे व्हॅल्युअर (किंमत ठरवणारे तज्ज्ञ) याच टक्क्यावरून भांडतात, म्हणून स्वतःचा व्हॅल्युअर नेमा, तोही याच कामाचा अनुभव असलेला. शिवाय तुमचा वकील, तुमचा व्हॅल्युअर आणि फ्रीहोल्डरच्या वकील-व्हॅल्युअरचा वाजवी खर्चही आजच्या नियमाने तुमच्याच अंगावर येतो. काही हजार पाउंड त्यासाठी वेगळे ठेवा.

एजंट म्हणतो ८१ वर्षं पुरतील. राहण्यापुरती पुरतीलही. पण सहा वर्षांनी तुम्ही विकायला काढाल तेव्हा ७५ उरलेली असतील. तुमच्या खरेदीदाराची बँक लीज बघेल, आणि गहाणाची मुदत संपल्यावरही अमुक वर्षं उरली पाहिजेत अशी अट बहुतेक बँकांची असते. मग तो खरेदीदार तुमच्याकडे हीच सूट मागेल, फक्त जास्त आकड्याची.

पूर्वी लीज वाढवून मागण्याचा हक्क मिळायला फ्लॅट दोन वर्षं तुमच्या नावावर असावा लागे. ३१ जानेवारी २०२५ पासून ही अट गेली. तरी एक खाच राहते. नोटीस नोंदणीकृत मालकच देऊ शकतो, आणि पैसे देऊन किल्ल्या हातात आल्यावरही लँड रजिस्ट्रीत नाव चढायला कधी कधी महिने जातात. तुमची मुदत ८० च्या उंबरठ्यावर आहे. म्हणून मी विक्रेत्याकडूनच नोटीस मागते. १९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ खाली त्याने नोटीस द्यायची आणि तिचा लाभ फ्लॅटच्या हस्तांतराबरोबरच तुमच्या नावे करून द्यायचा. ‘बरोबरच’ हा शब्द करारात असलाच पाहिजे. फ्लॅट आज आणि नोटिशीचा लाभ आठवड्याने असं झालं तर नोटीस मागे घेतल्यासारखी धरली जाते, आणि मागे घेतलेल्या नोटिशीनंतर बारा महिने नवी देता येत नाही. तुमच्या बाबतीत तेवढ्यात ८० ची रेषा ओलांडली जाईल. नोटीस गेली की मूल्यमापनाची तारीख तिथेच गोठते. फ्रीहोल्डरला उत्तर द्यायला निदान दोन महिने द्यावे लागतात. रकमेवर एकमत झालं नाही तर त्याच्या उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करावा लागतो. ही तारीख चुकली की सगळी प्रक्रिया बाद होते.

या टप्प्यावर फ्रीहोल्डरकडून एक गोड पत्र येऊ शकतं: ‘नोटीस वगैरे कशाला, आम्ही स्वस्तात लीज ९९ वर्षांचं करून देतो.’ ते नीट वाचा. ९९ वर्षांचं करणं म्हणजे तुमच्या ८१ मध्ये १८ वर्षांची भर. कायद्याने मागितलंत तर १७१ होतात. शिवाय अशा खाजगी सौद्यात ग्राउंड रेंट शून्य होईलच असं नाही, उलट दर काही वर्षांनी वाढणारं कलम घुसवलेलं मी पाहिलं आहे. खाजगी सौदा कधी कधी खरंच चांगला असतो, पण कायदेशीर मार्गाने किती पडेल हा आकडा हातात असल्याशिवाय त्यावर सही करू नका.

मग २०२४ च्या नव्या कायद्याचं काय? तो मे २०२४ मध्ये मंजूर झाला. त्यात ९० ऐवजी ९९० वर्षांची वाढ आहे, मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे, फ्रीहोल्डरचा खर्च साधारणपणे त्यानेच सोसायचा आहे. काही फ्रीहोल्डरांनी त्याला हायकोर्टात आव्हान दिलं, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळलं गेलं. पण मोबदल्याची ही कलमं मी लिहिते आहे तोवर लागू झालेली नाहीत. मोबदला काढण्याचे दरही सरकारने अजून ठरवायचे आहेत. ज्यांचं लीज आधीच ७४-७५ वर आहे आणि ज्यांना विकायची घाई नाही, त्यांना मी थांबण्याचा विचार करायला सांगते, कारण त्यांची मॅरेज व्हॅल्यू वाचू शकते. तुमचं तसं नाही. ८१ वर तुम्हाला मॅरेज व्हॅल्यू आज लागतच नाही. थांबलात आणि कलमं लांबली, तर जी रक्कम द्यावी लागत नव्हती ती द्यावी लागेल.

ग्राउंड रेंटबद्दल तुम्ही फक्त २५० लिहिलंत. तो पुढे वाढतो का, कधी आणि कशाने, हे लीजमध्ये बघा. दर २५ वर्षांनी दुप्पट, दर १० वर्षांनी दुप्पट, महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे, असे अनेक प्रकार आहेत. दहा वर्षांनी दुप्पट होणारा असेल तर माझ्या मते त्या फ्लॅटपासून लांबच राहा, किंवा लीज वाढवून तो शून्य होईल याची खात्री आधी करा. बऱ्याच बँका ग्राउंड रेंट घराच्या किमतीच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असला की कुरकुरतात. तुमचे २५० आज त्या रेषेच्या आत आहेत, ५०० झाले तर बाहेर जातील. ३० जून २०२२ नंतर दिलेल्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट घेताच येत नाही, पण तुमचं लीज जुनं असल्याने त्याला हे लागू नाही. जुन्यांवरही मर्यादा आणू असं सरकार म्हणतं आहे. ती येईल तेव्हा आनंदच आहे, पण तिच्या भरवशावर आज किंमत ठरवू नका.

सर्व्हिस चार्जवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण घर घेतल्यावर माणसं इथेच पोळतात. वर्षाला २,४०० पाउंड हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. इमारत जुनी आहे, छप्पर कधी बदललं, लिफ्ट आहे का, आणि मुख्य म्हणजे राखीव निधीत किती आहे, हे कळल्याशिवाय २,४०० स्वस्त की महाग ते ठरत नाही. मॅनेजिंग एजंटकडून एलपीई१ नावाचा फॉर्म भरून येतो आणि त्याबरोबर कागदांचा गठ्ठा. त्यात मागच्या तीन वर्षांचे हिशेब, चालू वर्षाचं अंदाजपत्रक, विम्याचा कागद, राखीव निधीची शिल्लक आणि येत्या काळात काढायच्या मोठ्या कामांची माहिती असते. तुमचा वकील ते बघेलच, पण तुम्हीही बघा. हिशेबात ‘छप्पर सर्वेक्षण’ अशी एखादी लहानशी रक्कम दिसली आणि राखीव निधी जवळजवळ रिकामा असला, तर ते पुढच्या वर्षी येणाऱ्या मोठ्या बिलाचं पहिलं चिन्ह असतं. अशा वेळी विक्रेत्याच्या काही हजार पाउंडांची अनामत वकिलाकडे रोखून ठेवण्याची अट घालता येते. चांगले वकील ती घालतातच.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे, फक्त तो माहीत हवा. १९८५ च्या कायद्याप्रमाणे सर्व्हिस चार्ज वाजवी असला पाहिजे, आणि तो तसा नाही असं वाटलं तर ट्रायब्युनलकडे जाता येतं. कुठल्याही एका फ्लॅटधारकावर २५० पाउंडांहून जास्त भार टाकणारं काम असेल तर आधी सगळ्यांना नोटिसा देऊन, त्यांचं म्हणणं मागवून, निविदा दाखवून मगच ते काढता येतं. तसं केलं नाही आणि ट्रायब्युनलने सूट दिली नाही, तर तुमच्याकडून २५० च्या वर वसूल करता येत नाही. खर्च झाल्यापासून अठरा महिन्यांत मागणी किंवा लेखी सूचना आली नाही तर तीही रक्कम बुडते. बिलावर फ्रीहोल्डरचं नाव-पत्ता आणि तुमच्या हक्कांचा गोषवारा नसेल, तर तो येईपर्यंत पैसे रोखता येतात. पण ‘पटत नाही म्हणून भरणार नाही’ असं मनाशी ठरवून गप्प बसू नका. हरकत लेखी नोंदवा, मान्य असलेला भाग भरा.

कारण न भरण्याचा शेवट वाईट होऊ शकतो. अटी मोडल्या किंवा पैसे थकवले तर लीज जप्त करण्याचा अधिकार फ्रीहोल्डरला असतो, आणि लीज गेलं म्हणजे पूर्ण फ्लॅटच गेला. प्रत्यक्षात हे क्वचित घडतं. ट्रायब्युनल किंवा कोर्टाचा निर्णय आधी लागतो, थकबाकी ३५० पाउंडांच्या वर किंवा तीन वर्षांहून जुनी असावी लागते, आणि कोर्ट बहुधा पैसे भरून लीज वाचवण्याची संधी देतं. बँक तर अनेकदा स्वतःच थकबाकी भरून ती तुमच्या कर्जात मिळवते. तरी या धमकीच्या जोरावर पत्रांचं शुल्क आणि वकिलाची फी वसूल केली जाते, आणि शंभराचं बिल हजाराचं होतं.

इमारत किती उंच आहे तेही विचारा. १४ जून २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली, आणि त्यानंतर बाहेरच्या आवरणाच्या दुरुस्तीच्या खर्चाखाली असंख्य फ्लॅटधारक दबले. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याने ११ मीटर किंवा पाच मजले आणि त्यावरच्या इमारतींत पात्र लीजना मोठं संरक्षण दिलं. पात्रता १४ फेब्रुवारी २०२२ च्या स्थितीवर ठरते आणि लीजबरोबर पुढच्या खरेदीदाराकडे येते. तुमची इमारत तेवढी उंच असेल तर विक्रेत्याकडून त्याचं प्रमाणपत्र भरून घ्या. तीन मजली असेल तर हा विषय बराचसा सुटतो.

मग घराच्या आतल्या अटी. इथे आपल्या लोकांना आश्चर्याचे धक्के बसतात. स्वयंपाकघरात चिमणी बसवून तिची नळी भिंतीतून बाहेर काढायची असते, पण बाहेरची भिंत फ्रीहोल्डरची. परवानगीशिवाय भोक पाडलं तर विकताना ते बाहेर येतं आणि मग मागाहून परवानगी, सर्व्हेअरची फी, वकिलाची फी असं सगळं लागतं. अनेक लीजमध्ये जमिनीवर गालिचा हवा, लाकडी फरशी नको अशी अट असते, कारण आवाज खालच्या घरात जातो. खिडक्यांच्या चौकटी कुणाच्या, हे लीजच्या परिशिष्टात लिहिलेलं असतं, आणि त्या तुमच्या असतील तर बदलण्याचा खर्चही तुमचाच. हे सगळं फ्लॅट बघताना दिसत नाही. म्हणून मोजमापाच्या नकाशासकट संपूर्ण लीज मागवा. एजंटने पाठवलेली दोन पानं पुरेशी नाहीत.

त्या इमारतीतल्या लोकांशीही बोला. फ्लॅटधारकांनी मिळून राइट टू मॅनेज घेतलं असेल, म्हणजे व्यवस्थापन स्वतःकडे घेतलं असेल, तर पुष्कळ डोकेदुखी कमी होते. २००२ च्या कायद्याने मिळालेल्या या हक्कासाठी फ्रीहोल्डरची चूक सिद्ध करावी लागत नाही, निम्म्या फ्लॅटधारकांची साथ लागते. सोसायटीत वाढलेल्या आपल्या माणसांना हे काम चांगलं जमतं, असं मी पाहिलं आहे.

आणखी एक, कारण तुम्ही पुढे कधीतरी पुण्याला परत जाण्याचं लिहिलंत. फ्लॅट भाड्याने द्यायला बँकेची परवानगी लागतेच, लीजमध्येही बहुधा संमती किंवा निदान नोंदणीची अट असते. तिचं शुल्क आणि अटी आत्ताच बघून ठेवा. परत गेलात तर लँड रजिस्ट्रीत तुमचा पुण्याचा पत्ता आणि ईमेल नोंदवा, तिथे तीन पत्ते देता येतात. फ्रीहोल्डर आणि मॅनेजिंग एजंटलाही तोच पत्ता लेखी कळवा आणि पोच घ्या. नाहीतर सर्व्हिस चार्जची पत्रं हॅरोच्या दारात पडत राहतात, भाडेकरू ती बाजूला ठेवतो, आणि तुम्हाला पहिली बातमी कळते ती बँकेकडून.